वणवा आणि श्रावकधर्म

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी. बी.कॉम. होऊन गादीवर बसलो, त्याला चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. जमाखर्चाखेरीज अन्य विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तरीही एक जुने देणे आपल्यासमोर मांडण्यासाठी आज उभा आहे.

बालाघाटाच्या उतारालगत आमचे थोडे शेत आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी, चैत्र महिन्यात, बांधावरचे वाळलेले गवत पेटवून द्यावे, असे मीच सालगड्याला सांगितले. दुपारी वारा फिरला आणि आग बांध ओलांडून डोंगराला लागली. चढणीवर आग अधिक वेगाने धावते, कारण खालची ज्वाला वरचे गवत आधीच तापवून ठेवते. कडुनिंबाच्या ओल्या डहाळ्यांनी आम्ही झोडपत राहिलो. विझायला रात्र झाली. दुसऱ्या दिवशी राखेतून चालताना एका दगडाच्या आडोशाला तितराची मादी दिसली. ती अंड्यांवरून उठलीच नव्हती. त्या सायंकाळी प्रतिक्रमणाला बसलो, तेव्हा शब्द ओठांवर होते आणि मन त्या दगडापाशी होते.

उपासकदशांग सूत्रात श्रावकाने वर्ज्य करावयाची पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांतील तेरावे ‘दवाग्निदापन’, म्हणजे रानाला आग लावणे. दुकानात कोणता माल ठेवू नये, हे मी त्या यादीवरून तपासले होते. शेताच्या बांधावर मात्र ती यादी कधी नेली नव्हती.

आपल्याकडील वणवे बहुतेक माणसाच्या हातूनच लागतात. कोणी बांध जाळतो, कोणी उसाचे पाचट पेटवतो, कोणी विडीचे थोटूक फेकतो. गवत जाळले की पावसाळ्यात चारा चांगला फुटतो, असाही समज आहे. फुटवा लवकर दिसतो हे खरे. परंतु रोपे आणि बी जळून जाते आणि उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते. याच बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात १९९४ साली घोषित झालेले नायगाव मयूर अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर. मोर झाडावर रात्र काढतो, पण लांडोर अंडी जमिनीवरच घालते. झुडपांचा आडोसा जळाला, तर तिने घरटे करायचे कोठे?

हे दुःख सर्व जगाचे आहे. इंडोनेशियात २०१५ साली सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले. त्यात ओरांगउटान या महाकाय वानराचे रानही होते. त्याची मादी सात-आठ वर्षांतून एकदाच पिलाला जन्म देते. एकदा झालेली हानी कशी भरून निघणार? दलदलीचे पाणी कालव्यांनी काढून टाकल्यामुळे तेथील जमीनच सरपणासारखी वाळली होती आणि आग जमिनीखाली धुमसत राहिली. आता तेथे कालवे बुजवून जमीन पुन्हा ओली करण्याचे काम चालते. आग लागण्यापूर्वीचे काम हेच खरे रक्षण, हे त्यांनी मोठी किंमत देऊन जाणले.

आपल्याला ते ज्ञाताधर्मकथेने केव्हाच सांगितले आहे. मेघकुमार पूर्वजन्मी हत्ती होता. वणव्यात सर्व प्राणी त्याच्या मोकळ्या मंडलात आश्रयाला आले. अंग खाजवण्यासाठी त्याने पाय उचलला, तो त्या जागी ससा येऊन बसला. हत्तीने अडीच दिवस पाय खाली टेकवला नाही. हा प्रसंग आपण मुलांना सांगतो. पण ते मंडल आले कोठून? हत्तीने वणवा येण्याआधी गवत-झुडपे उपटून ती जागा मोकळी केली होती आणि दर पावसाळ्यात पुन्हा साफ ठेवली होती. उचललेला पाय आपण स्मरणात ठेवला. ते कष्ट विसरलो.

वनखाते ज्याला जाळरेषा म्हणते, ती याच तत्त्वावर असते : गवत नसलेला पट्टा, जेथे आग थांबते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानला जातो. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश मोबाइलवर पाठवते, परंतु संदेश येईपर्यंत वारा थांबत नाही. पट्टा आधीच तयार हवा. तो जाळून काढला तर जीवहिंसा होतेच; म्हणून कापून, खुरपून काढावा.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. ज्यांची शेती डोंगरालगत आहे, त्यांनी बांध न पेटवण्याचा नियम आजच घ्यावा. आणि ट्रस्टने वनखात्याच्या परवानगीने दरवर्षी दिवाळीनंतर असा पट्टा कापून घ्यावा. ते गवत गोशाळेला द्यावे. पहिल्या वर्षाची मजुरी माझ्याकडून.

त्या तितराचे देणे याने फिटणार नाही, हे मी जाणतो. खाते मात्र उघडे राहील. सर्व जीवांना मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.