आई, समुद्र आणि बंद खानावळ

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली बोली तशीच ठेवली आहे.)

एसटीत असाल, मेसच्या रांगेत असाल, नाहीतर रात्री लाईट बंद करून गुपचूप ऐकत असाल, सगळ्यांना रामराम.

बऱ्याच जणांनी विचारलं होतं की समुद्राकाठी चार दिवस नुसतं पडून राहायचं असेल तर कुठं जावं आणि किती पैसे लागतात. आज ते सांगतो. फक्त मी एकटा गेलो नव्हतो, आईला घेऊन गेलो होतो. त्यामुळं पडून राहणं कितपत जमलं ते तुम्हीच ठरवा.

आम्ही बिलोलीचे. नांदेड जिल्ह्याचं टोक, पलीकडं तेलंगणा. वडील गेल्यावर आईनं घरातच खानावळ काढली. तहसीलमधले कारकून, बदलून आलेले बँकवाले, आयटीआयची पोरं. दोन्ही वेळचे मिळून चाळीसेक डबे. माझं इंजिनिअरिंग त्याच भाकऱ्यांवर झालं. आता मी पुण्यात नोकरीला आहे, आणि आईचे गुडघे गेलेत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, उभं राहणं कमी करा. आई म्हणते, "बसून भाकरी थापता येतीय, पण वाढायला तर उठावंच लागतंय ना."

आमच्या घरात प्रवासाला कारण लागतं. तुळजापूर, माहूर, पंढरपूर, कुणाचं लग्न, कुणाची मयत, नांदेडचा दवाखाना. आराम हे कारण आमच्या यादीत कधी नव्हतंच. मी फोनवर म्हणलं, समुद्रावर जाऊ. तर म्हणे, "काय काम हाय तिथं?" म्हणलं, काही नाही, बसायचं. "बसाया एवढ्या लांब? आपल्या दारात ओटा न्हाई का?"

मग मी वकिली केली. म्हणलं, सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवाजी महाराजांचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. दर्शन घेऊन येऊ. दर्शन म्हणल्यावर बाई तयार! पाच दिवस खानावळ बंद, तशी चिठ्ठी दाराला लावली आणि नांदेडहून रेल्वेनं पुण्याला आली. सोबत पिशवीत ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि स्वतःचं लाटणं. लाटणं कशाला? "आसू दे."

पुण्याहून रात्रीची बस धरली. फोंडा घाट, कणकवली, मालवण. मालवणहून तारकर्ली सहा-सात किलोमीटर, आणि तसंच पुढं गेलं की देवबाग. नकाशात देवबाग मोठं करून बघा एकदा. जमिनीची अरुंद पट्टी आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, आणि पट्टी संपते तिथं दोघांचा संगम. आमच्या खोलीतून निघून नारळाच्या बागेतून एका बाजूला चाललं की पाच मिनिटांत नदी, दुसऱ्या बाजूला दोन मिनिटांत समुद्र.

हॉटेल म्हणायचं म्हणून म्हणतो. सहा खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, चार टेबलं, आणि घरचेच लोक पुढच्या बाजूला राहतात. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्यानंतर किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांनी अशाच एकेक दोन-दोन खोल्या वाढवल्या. आमच्या मालकीणबाई, मी त्यांना काकी म्हणायचो, त्यांनीही दोन खोल्यांनीच सुरुवात केली होती. दिवसाला अठराशे रुपये पडले आम्हाला, जेवण वेगळं. फेब्रुवारीतले सोमवार ते गुरुवार गाठले म्हणून. शनिवार-रविवारी आणि डिसेंबरअखेर तिकडं जाऊ नका, दर वाढतात आणि शांतता मिळत नाही.

पहिल्यांदा समुद्र बघून आई काय म्हणाली हे सगळे विचारतात. काही म्हणाली नाही. चप्पल काढून हातात घेतली आणि बराच वेळ उभी राहिली. मग विचारलं, "आपल्या मांजराचं पाणी इथंच येतंय का?"

भूगोल कच्चा असणाऱ्यांसाठी सांगतो. मांजरा बीड जिल्ह्यात पाटोद्याकडं उगम पावते. लातूर, बिदर, मग तेलंगणा असा मोठा वळसा घालून उत्तरेला वळते, आमच्या बिलोली तालुक्याला लागून वाहते आणि पुढं गोदावरीला मिळते. गोदावरी जाते पूर्वेला, बंगालच्या उपसागराला. म्हणजे आमच्या दारातलं पाणी एका समुद्राला गेलं आणि आम्ही आलो दुसऱ्याच. हे मी आईला समजावलं. ती म्हणाली, "मंग ह्यो आपला न्हाई. पाहुणे म्हणून ऱ्हावं लागंल." आणि चार दिवस खरंच पाहुण्यासारखी वागली समुद्राशी. घोट्याच्या वर पाण्यात गेली नाही. ते बरंच झालं म्हणा, संगमाच्या बाजूला पाण्याला फार ओढ असते. तुम्हीही तिथं हिरोगिरी करू नका.

पहिल्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. बांगड्याची कढी, भात, तांदळाची भाकरी, सोलकढी. आईला मरळ माहीत, वाम माहीत, नदीचे मासे. बांगड्याच्या रश्शाला एक वेगळाच वास येत होता. आई तिसऱ्या घासाला उठली आणि थेट आत स्वयंपाकघरात गेली! मी मागून, "आई, अगं बस ना." ऐकते कुठली. आत जाऊन वास कशाचा ते विचारून आली. तिरफळ. काकींनी तिच्या तळहातावर चार दाणे ठेवले होते. संध्याकाळपर्यंत दोघी पडवीत बसून लसूण सोलत होत्या. काकी तिला ताई म्हणायला लागल्या, आई त्यांना ताई म्हणायला लागली, आणि पैसे भरून आणलेलं गिऱ्हाईक मालकिणीच्या कामाला लागलं. मला इतका राग आला, काय सांगू.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. आईचा उपवास. काकींनी तिला भरती-ओहोटीचं गणित शिकवलं, ते तुम्हीही लिहून घ्या, ॲपची गरज नाही. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनच्या सुमाराला भरती, सहा तासांनी ओहोटी. रोज पाऊण तास पुढं. अगदी घड्याळ लावून नाही, जागेप्रमाणं थोडं मागंपुढं होतं, पण अंदाजाला पक्कं. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास कमी चढतं, तो भांग. माझ्या आईला शाळा चौथीपर्यंत, पण आजची तिथी झोपेतून उठवून विचारली तरी सांगते. आयुष्यभर उपासासाठी पाठ केलेलं पंचांग असं समुद्रावर कामाला आलं. दुपारी तीनला वाळूत काठी रोवून ती पाणी कुठवर येतंय ते तपासत होती. तिला एकटीला खेळताना मी पहिल्यांदा बघत होतो.

तिथंच माझी चूक झाली. मला वाटलं, मूड चांगला आहे, विषय काढावा. खरं कारण तेच होतं ना सहलीचं. संध्याकाळी सूर्य बुडताना वाळूत बसलो होतो. म्हणलं, आई, खानावळ आता कायमची बंद कर आणि पुण्याला ये. माझा पगार पुरतो. डॉक्टरनी सांगितलंय. मी चांगलं भाषणच तयार करून नेलं होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ह्यासाठी आणलास व्हय मला?"

म्हणलं, तसं नाही गं.

"तसंच हाय. तुझ्या चौथ्या मजल्यावर मी दिवसभर काय करू, सांग. दार लावून टीव्ही बघू? बिलोलीत रस्त्यानं चालले तर धा लोकं काकू म्हणून हाक मारतेत. ते आयटीआयचं पोरगं माझ्या हातचं खाऊन पास झालंय. तू काय बंद कर म्हणायलास ते तुला तरी कळायलंय का?" आणि उठून गेली. वाळूत तिला भराभर चालता येत नव्हतं. गुडघा धरून धरून गेली. माझ्याच्यानं मागं जाववलं नाही.

रात्री चंद्र नदीच्या बाजूनं उगवणार होता. समुद्राकडं सूर्य बुडालेला, आणि त्याच जमिनीच्या दुसऱ्या काठावर चंद्राची वाट बघत बसलेल्या आई आणि काकी. मी लांब नारळाखाली. साडेनवाच्या सुमाराला चंद्र आला, आईनं हात जोडले, उपवास सोडला. माझ्याशी एक शब्द नाही. पण ताट मात्र माझं आधी वाढलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. ज्यांनी बघितलं नसेल त्यांना सांगतो. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धवर्तुळात टाकतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्ही बाजूंनी माणसं रांगेनं ओढत आणतात. तास-दीड तास. मासळीचे मग वाटे पडतात. मोठ्या ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांमुळं किनाऱ्याजवळ मासळी राहिली नाही, असं रापणवाले सांगतात. त्या दिवशीही एवढ्या ओढाओढीनंतर दोन-अडीच टोपल्या निघाल्या. कुणी शिव्या दिल्या, कुणी हसलं, सगळ्यांनी दोर गुंडाळला.

आईनं काकींना विचारलं, रोज असंच का? सुट्टी कधी?

काकी म्हणाल्या, "पावसात बंद. जून, जुलै. सरकारचीच बंदी असा."

ही बंदी खरी आहे. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. मासळी अंडी घालते तो काळ, आणि समुद्रही खवळलेला. किल्ल्याच्या होड्या बंद, पर्यटक नाहीत. काकींच्या खोल्याही तेव्हा रिकाम्याच.

आई म्हणाली, "मंग दोन म्हैने खाता काय?"

"साठवलेला. सुकी मासळी असता. जाळी दुरुस्त करतो, कौलां शाकारतो, झोपतो, भांडतो." आणि दोघी हसल्या. आईनं विचारलं, गिऱ्हाईक तुटत नाही का? काकी म्हणाल्या, "समुद्र काय पळान जाता?"

आई त्यावर काही बोलली नाही. दिवसभर गप्पच होती, पण ही गप्प कालची नव्हती.

दुपारी किल्ला. १६६४ च्या नोव्हेंबरात काम सुरू झालं, कुरटे बेटावर. आईला तटबंदीपेक्षा आतल्या तीन विहिरी आवडल्या. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूबाजूंनी खारट समुद्र आणि आत गोडं पाणी. लहानपणी उन्हाळ्यात मांजराच्या वाळूत झिरे खणून वाटीनं पाणी भरलेली बाई ती. आणि २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा त्या बातम्या आम्ही डबे भरता भरता बघितल्यात. विहिरीच्या कट्ट्यावर ती बराच वेळ बसली. दर्शन झालंच, पण मला वाटतं खरं दर्शन तिनं तिथं घेतलं.

परतताना होडीत तिनं मला विचारलं, "मे म्हैन्यात तुला सुट्टी मिळती का?"

म्हणलं, का?

"मे बंद ठेवते खानावळ. पोरं गावाकडं जातेत, ऊन तर बगायलाच नको. कारकून लोकांना सांगते आत्ताच. गुडघ्याचं काय करायचं ते त्या म्हैन्यात कर. पुण्यात दाखव, कुटंबी दाखव. जूनला मी परत."

मी म्हणलं, आणि वाढायला एक बाई ठेव. म्हणाली, "पगार तू देणार का?" म्हणलं, देतो. "मंग बगू."

एवढ्यावर तडजोड झाली. मला पूर्ण पटलेलं नाही, आजही नाही. एका महिन्यानं गुडघे दुरुस्त होतात का, ते काय जाळं आहे? पण होडीत बसून मी वाद घातला नाही.

हिशेब विचारणाऱ्यांसाठी: तीन रात्री, दोन माणसं, बस, जेवण, किल्ल्याची होडी सगळं धरून साधारण तेरा हजार झाले. शिवाय निघताना आईनं काकींना सुनावलं की तुमच्या सुरमईच्या थाळीत काहीच सुटत नाही, नारळाचा भाव धरला का? काकींनी वही आणली, दोघींनी बेरीज केली. पुढच्या वेळी गेलो तर थाळी वीस रुपयांनी महाग मिळणार, आणि त्याला जबाबदार माझीच आई.

लाटणं? ते शेवटच्या सकाळी निघालं. पिशवीतून उरलेलं ज्वारीचं पीठ काढलं, काकींच्या ओट्यावर स्टूल ओढून बसली, आणि सगळ्या घराला दशम्या करून घातल्या. बदल्यात आमसुलं आणि कागदात बांधलेली तिरफळं. आता बिलोलीत बुधवारी मरळीच्या रश्शात तिरफळ पडतं. तहसीलच्या एका साहेबांनी म्हणे विचारलं, काकू, आज मसाला बदलला का?

चला, आज एवढंच. आईचा मेमध्ये पुण्याला यायचा बेत कायम आहे, चिठ्ठी आत्तापासून दारावर लागलीय. पुढच्या भागात भेटू. रामराम.