सीईटी : घड्याळ आणि पर्सेंटाइल



सीईटीचा निकाल लागला की आपल्या कामठ्यातही विचारणा होते, "गुण माझे जास्त, मग पर्सेंटाइल मित्राचे जास्त कसे?" ही परीक्षा 2019 पासून संगणकावर, अनेक सत्रांत होते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी. म्हणून तुलना त्याच सत्रातल्या मुलांशी. 90 पर्सेंटाइल म्हणजे शेकडा नव्वद गुण नव्हेत. शंभरातली नव्वद मुले तुमच्या बरोबरीने किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा "दहा कुठे गेले?" म्हणून मुलाला बोलू नका.

वेळेचे गाऱ्हाणे मात्र खरे आहे. अभियांत्रिकीसाठी भौतिक व रसायनशास्त्राचे 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे. मग तो भाग बंद होतो, मागे जाता येत नाही. घरी संगणक नसलेल्या मुलाची काही मिनिटे माऊस सावरण्यातच जातात. शाळेतले संगणक संध्याकाळी अशा मुलांना मिळावेत, घड्याळ लावून. आणि चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

प्रश्नच चुकला तर? 27 एप्रिल 2025 च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या 21 प्रश्नांचे पर्याय चुकले होते. मुलांनी तक्रारी केल्या, 5 मे रोजी फेरपरीक्षा झाली. उत्तरतालिकेवर आक्षेप घेता येतो, पण त्याला शुल्क पडते. म्हणून आधी तालिका घेऊन आम्हा शिक्षकांकडे या. खात्री पटली तरच पैसे भरा.