पिट्सबर्गचा दिवा



तुमचं आमंत्रण आलं तेव्हा विषय मीच मागून घेतला. माझे वडील चंद्रपूर भागातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत सरदार, म्हणजे पाळीतल्या कामगारांवर देखरेख ठेवणारे, होते. पुढे मायनिंग इंजिनिअर होऊन मीही खाणीतच आयुष्य काढलं. वडिलांच्या टोपीवरच्या दिव्याचं मूळ शोधत गेलं की तुमच्या या पिट्सबर्गमध्ये येऊन पोचावं लागतं.

१९०७ चा डिसेंबर. ६ तारखेला वेस्ट व्हर्जिनियातल्या मोनोंगा इथे खाणीतल्या स्फोटात ३६२ माणसं गेली, १९ तारखेला इथे पेनसिल्व्हेनियातच, डार खाणीत २३९. एका महिन्यात शेकडो घरं उघडी पडली. १९१० मध्ये अमेरिकी सरकारनं खाणींसाठी स्वतंत्र खातं काढलं. जॉन रायन आणि जॉर्ज डाइक हे दोन खाण-अभियंते त्याच खात्यातले. १९१२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्याच जेड खाणीत स्फोट झाला, ऐंशीहून अधिक कामगार दगावले. तिथल्या बचावकामात हे दोघे होते. बचावपथक कितीही जिवावर उदार होऊन आत उतरलं, तरी ते स्फोट झाल्यावरच उतरतं. रायनच्या पुढच्या सगळ्या कामाकडे मी याच नजरेनं पाहतो. मदत माणसाच्या अंगावरच हवी, पाळी सुरू होतानाच.

जेडमध्ये मिथेन पेटला तो दिव्याच्या उघड्या ज्योतीनं. हवेत मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये असला की एक ठिणगी पुरते. शास्त्रज्ञ डेव्हीचा, ज्योतीभोवती तारेची जाळी असलेला दिवा १८१५ पासून होता, पण त्याचा उजेड इतका मिणमिणता की त्यात वर्षानुवर्षं काम करून कामगारांची बुबुळं थरथरू लागत. मग माणूस लख्ख पेटणारा उघडा दिवाच टोपीला लावायचा. त्याला बेफिकीर म्हणणं मला कधी पटलं नाही. छताला गेलेली भेग दिसली नाही तरी मरणच होतं.

यावर तोडगा म्हणून रायन आणि डाइक एडिसनकडे गेले. लोखंड-निकेलची बॅटरी एडिसननं आधीच सिद्ध केली होती. ती पोलादी पेटीत कुलूपबंद करून कमरेला बांधायची, वायर पाठीवरून टोपीपर्यंत न्यायची आणि दिवा कपाळावर. कुलूप कशाला? तर खाली कुणी पेटी उघडून ठिणगी पाडू नये म्हणून. १९१४ मध्ये दोघांनी पिट्सबर्गमध्ये माइन सेफ्टी अप्लायन्सेस ही कंपनी काढली. विषारी कार्बन मोनॉक्साइडपासून वाचवणारी उपकरणं, डोक्यावरचं कडक शिरस्त्राण, वायू मोजणारी यंत्रं हे सगळं पुढे तिथून आलं. सुरक्षेचा धंदा केला म्हणून काहींना खटकतं. मला नाही खटकत. वस्तू रोज, हजारोंनी आणि परवडेल अशी तयार व्हायची तर कुणीतरी कारखाना घालायलाच हवा.

एक गोष्ट मात्र विजेच्या दिव्यानं हिरावून घेतली. जाळीच्या दिव्याची ज्योत वायूची वर्दी द्यायची. लहानपणी वडिलांनी घरी दिवा हातात धरून मला दाखवलं होतं. वात अगदी बारीक करायची, दिवा हळूहळू छताकडे न्यायचा आणि ज्योतीच्या टोकावर नजर ठेवायची. तिथे फिकट निळी टोपी चढली की समजायचं, वायू आहे. सव्वा टक्का भरला की माणसं बाहेर. म्हणून कामगारांना विजेचे दिवे मिळाले तरी सरदाराच्या हातात जाळीचा दिवा राहिलाच.

आणि एक गोष्ट त्या दिव्यानं न मागता दिली. बॅटरी रोज चार्ज करावी लागते, म्हणून प्रत्येक पाळीला दिवा खाणीवरच्या बत्तीघरातून न्यायचा आणि तिथेच परत आणायचा. प्रत्येक दिव्याला नंबर आणि फळीवर ठरलेली जागा. जागा रिकामी दिसली, म्हणजे तो माणूस अजून खाली.

एकदा छत बसलं आणि दुसरी पाळी वर यायला फार उशीर झाला. आई मला घेऊन बत्तीघराच्या खिडकीशी उभी राहिली. बत्तीबाबूनं तिला काही सांगितलं नाही, फक्त जरा बाजूला सरकला, म्हणजे तिला मागची फळी दिसावी. एकेक दिवा येऊन लागत होता. आईला वाचता येत नव्हतं, पण वडिलांची जागा पाठ होती. वरून तिसरी ओळ, भिंतीकडून दुसरी. तिथे दिवा लागला, तशी ती काही न बोलता माझा हात धरून घराकडे वळली. वडील आता घरी यायचेच होते, म्हणून घाईनं चालत होती, चूल पेटवायची राहिली होती.