समारंभाची जागा
(शताब्दी समितीच्या सभेत केलेले भाषण)



शताब्दीचा मुख्य समारंभ कोठे करावा, या एका प्रश्नावर आपल्या दोन बैठका खर्ची पडल्या. शहराबाहेरचे वातानुकूलित मंगल कार्यालय काहींनी सुचविले आहे आणि त्याच्या बाजूने तेथील हजार खुर्च्यांचा दाखला दिला जातो. जागेचा विचार खुर्च्यांपासून सुरू करावा, हेच मला मान्य नाही.

आपणां बेळगावकरांना याबाबत उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. डिसेंबर १९२४ मध्ये राष्ट्रसभेचे ३९ वे अधिवेशन टिळकवाडीत भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. व्यवस्थेची धुरा गंगाधरराव देशपांडे यांच्या खांद्यावर होती. अधिवेशनासाठी तात्पुरते नगर उभारले गेले. त्याला 'विजयनगर' म्हटले. एवढ्या जनसमुदायाला पाणी हवे, म्हणून तेथे विहीर खोदण्यात आली व तिला 'पंपा सरोवर' असे नाव मिळाले. मंडप उतरले, नगर विरून गेले, विहीर राहिली. 'काँग्रेस विहीर' म्हणून ती आजही पाहुण्यांना दाखविली जाते. अधिवेशनातील भाषणे किती जणांच्या स्मरणात आहेत, हे विचारण्याचे धाडस मी करीत नाही.

दुसरे उदाहरण साहित्य संमेलनाचे. मे १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली ते येथे भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव याच गावी संमत झाला. तोच ठराव पुण्यातही करता आला असता. पण पुणे महाराष्ट्रात राहणार की नाही, हा प्रश्न कोणाच्या मनात होता? बेळगावच्या बाबतीत तो होता, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्याचे कटू उत्तरही मिळाले. ठरावाच्या शब्दांना गावाचे वजन आले होते.

आपल्याला ठराव करायचे नाहीत. आपल्याकडे येणार आहेत ते वाचक, आणि त्यांतले बरेचसे सत्तरीच्या पुढचे. मंगल कार्यालयातून रात्री परतण्यास बस मिळणार नाही. तेथील गुळगुळीत भिंतींवरून आवाज घुमतो. सनईचौघड्याला ते चालून जाते, व्याख्यानाला नाही. मला सर्वांत खटकते ते वेगळेच. शंभर वर्षे ज्या कपाटांनी आपली पुस्तके सांभाळली, ती न पाहताच पाहुणे हारतुरे घेऊन परस्पर निघून जातील.

वाचनालयाचे स्वतःचे सभागृह लहान आहे, जिनाही उभा आहे. तेव्हा तेथेच करा, असा हट्ट मी धरणार नाही. परंतु दोन मिनिटांच्या अंतरावर शाळेचे पटांगण आहे. पावसाळा टाळून डिसेंबरात तेथे मंडप घालावा. आपल्याकडची थंडी लक्षात घेता दुपारी चारला आरंभ करून दिवेलागणीला आटोपते घ्यावे. दुर्मीळ ग्रंथांचे प्रदर्शन वाचनालयाच्या तळमजल्यावर ठेवावे, म्हणजे मंडपात येणाऱ्याची वाट आपल्याच दारावरून जाईल.

निर्णयापूर्वी चारपाच जणांनी पटांगणावर जाऊन यावे, अशी विनंती आहे. एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, इतरांनी शेवटच्या रांगेच्या जागी उभे राहून ऐकावे. आणि शाळेची पाण्याची टाकी झाकण उघडून पाहावी.