कापसाची धूळ आणि माणसाचा श्वास



चाळीस वर्षे मी कापड मोजले. त्यामागच्या धुळीचा विचार केला नाही. सुती गिरणीच्या कार्डिंग खात्यात सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी कामगाराची छाती आवळते, त्या विकारास बिसिनोसिस म्हणतात. कापसावरील जीवाणूंचे एंडोटॉक्सिन नावाचे विष धुळीवाटे फुफ्फुसात उतरते, हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते.

१९८१ पासून हार्वर्डचे डॉ. डेव्हिड क्रिस्टियानी व त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी शांघाय येथे ४४७ सुती आणि तुलनेसाठी ४७२ रेशीम कामगारांचा श्वास वर्षानुवर्षे मोजला. रेशमाच्या धुळीत हे विष जवळजवळ नसते. सुती कामगारांच्या श्वासाची शक्ती अधिक घटली. काम सोडल्यावर मात्र काहीशी सुधारली. पुढे त्यांची जनुकेही तपासली गेली. दाह चेतवणाऱ्या टीएनएफ प्रथिनाच्या जनुकातील सूक्ष्म भेदांनुसार त्याच विषाचा अपाय कोणाला कमी, कोणाला अधिक होतो, असे आढळले.

तरुणपणी वडिलांसमवेत मी माल घेण्यास एका गिरणीत जात असे. तेथील एक कामगार सोमवारी भिंतीला टेकून धापा टाकी. ‘रविवारची उतरली नाही वाटते,’ असे म्हणून मी हसलो होतो. तो काहीच बोलला नाही.