कॅप्सूलची डबी आणि डॉक्टरांची गोळी

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरात उन्हाळा आला की आदिवासी कुटुंबं बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात, विकतात. झाडपाल्याच्या औषधांवरचा आपला विश्वास असा जुना आहे आणि तो पोकळ नाही. म्हणूनच वारूळवाडीसारख्या गावात कुणाच्या रिपोर्टात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, की कुणीतरी सांगतंच, "गोळी कशाला? एकदा लागली की सुटत नाही. त्यापेक्षा वनस्पतीची कॅप्सूल घ्या."

या सल्ल्याची पारख गुग्गुळावर झालेली आहे. सुश्रुतसंहितेतल्या मेदरोगाच्या वर्णनाचा धागा धरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात गुग्गुळावरचा प्रबंध सादर केला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं गुग्गुळापासून औषध काढलं. आपल्याकडच्या चाचण्यांत कोलेस्टेरॉल उतरलेलं दिसलं. मात्र २००३ साली अमेरिकेत आठ आठवड्यांची चाचणी झाली, तिच्यात गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चार-पाच टक्क्यांनी वाढलं. काहींच्या अंगावर पुरळही आलं. सत्यवतींच्या कामाचा मला अभिमान वाटतो, पण या निकालाकडे डोळेझाक करता येत नाही.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लसूण, हळद, दालचिनी यांची पूरकं, म्हणजे अशाच कॅप्सुली, स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीच्या लहान मात्रेसमोर ठेवली. अठ्ठावीस दिवसांत गोळीनं एलडीएल सुमारे अडतीस टक्के उतरवलं. ही पूरकं मात्र औषध नसलेल्या दिखाऊ गोळीहूनही सरस ठरली नाहीत.

मग वनस्पतीत काहीच नाही का? आहे. इसबगोलाचा बुळबुळीत तंतू आतड्यात पित्ताम्ल अडकवतो. ते पुन्हा बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. रोज दहा ग्रॅमच्या आसपास, भरपूर पाण्याबरोबर घेतलं, तर एलडीएल थोडं उतरतं. घेवडा आणि इतर कडधान्यांतही असा विरघळणारा तंतू असतो. पण हा गोळीला हातभार आहे, तिची जागा तो घेत नाही. ज्यांना एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला, त्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं.

पूरकाच्या डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत छापलेलं असतं. ते घरातल्या शिकत्या मुलाकडून वाचून घ्या. गुग्गुळामुळे रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना लसणाच्या कॅप्सूलनं रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. तेव्हा चालू गोळी मनानं बंद करू नका, आणि दवाखान्यात जाताना ती डबी बरोबर नेऊन डॉक्टरांना दाखवा.