सिस्टरला खोली कोण देणार?

(मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषण)



आपला शिष्यवृत्ती निधी फक्त मराठी मुलांपुरता ठेवावा, की नर्सिंग शिकायला इंदूरला येणाऱ्या इतर समाजांच्या मुलींनाही द्यावा, हा ठराव सभेपुढे आहे. मी तो खुला करावा या मताचा आहे. बँकेत कारकून असल्याने हिशेबापासून सुरुवात करतो.

झाबुवा, अलिराजपूर, बडवानी, धार या जिल्ह्यांतून भिल्ल, भिलाला, बारेला मुली इथे येतात. आपल्याच शहरातल्या वस्त्यांमधून मुसलमान आणि दलित घरांतल्या मुली येतात. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा. घरात पहिलीच नोकरदार होणारी मुलगी याच दाराने आत शिरते. आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे, असा सरकारी निकष आहे. तिथे बाळंतिणीला कुठे दुखते ते तिच्या बोलीत विचारणारी सिस्टर असली तर निम्मे काम तिथेच होते.

पैशाची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. २०१५ च्या केंद्रीय पतहमी योजनेमुळे साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असले की पुरते. हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. अडते ते कागदांवर. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मूळ निवासी दाखला, यांतला एक राहिला की मुलगी परत गावी जाते आणि वर्ष बुडते.

दुसरी अडचण गंभीर आहे. आपल्या प्रदेशातील नर्सिंग महाविद्यालयांची चौकशी उच्च न्यायालयाने सीबीआयकडे दिली, हे आपण वाचले आहे. नियमात न बसणारी कित्येक महाविद्यालये २०२४ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी चौकशी करणाऱ्यांपैकीच काही अधिकाऱ्यांना लाचेच्या प्रकरणात अटक झाली. २०२०-२१ मध्ये प्रवेश घेतलेल्या मुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षे रखडल्या. शेत गहाण टाकून फी भरणाऱ्या बापाला मान्यतेचा कागद कसा तपासायचा हे कोण सांगणार? जे महाविद्यालय म्हणते, ‘कर्ज नको, रोख आणा’, तिथे पाय ठेवू नये, एवढे तरी आपण सांगू शकतो.

आता नाजूक मुद्दा. एम. वाय. रुग्णालयाच्या आसपास आपल्यापैकी अनेकांची जुनी घरे आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला गेली. वरच्या खोल्या कुलूपबंद आहेत. भाडेकरू म्हणून मुलगी आली की आपण आधी आडनाव विचारतो, मग ‘काय खाता?’ आणि मग खोली रिकामी नसते. तीच मुलगी वॉर्डात आपल्या आईला सलाईन लावते तेव्हा मात्र आपण तिला ‘सिस्टर’ म्हणतो.

हा संकोच नवा नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढले आणि पुढे विधवांना नर्सिंगकडे वळवले, तेव्हा परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा म्हणून आपल्याच घरांनी नाके मुरडली होती. आज त्याचा आपण अभिमान बाळगतो.

महापालिकेत आपल्याला कोणी विचारत नाही, तिकीट देत नाही, अशी तक्रार या सभेत दरवर्षी होते. होळकरांच्या काळापासून आपण इथे आहोत, हे खरे. पण केवळ जुने असण्याला मत मिळत नाही. शहराच्या उपयोगी पडणाऱ्या समाजाचा शब्द शहर ऐकते.

म्हणून तीन सूचना. निधी सर्व समाजांच्या गरजू मुलींना खुला करावा. दर रविवारी सकाळी दोन तास मंडळात कागदपत्रे आणि महाविद्यालयांची मान्यता तपासून देण्याची सोय व्हावी. कर्जाचे अर्ज मी पाहीन. आणि खोली भाड्याने देणाऱ्या सभासदांची यादी आजच करावी. पैसे देणे सोपे आहे, ते आपण देऊच. त्या यादीत नावे किती येतात, त्यावरून ठरावाची खरी किंमत कळेल.